रेडिओवरचं आवतन

टेंभी, शनिवार, २ एप्रिल १९४९

सिनेमाची गाडी येणार हे आज नक्की झालं. वीस तारखेला, बुधवारी. गेल्या उन्हाळ्यात प्रसिद्धी खात्याची मंडळी येऊन आमच्या पायऱ्यांच्या बारवेचं आणि नारूच्या रोग्यांचं चित्रण करून गेली होती. तो माहितीपट आता तयार झाला आहे आणि पहिला खेळ इथेच, बारवेशेजारच्या मोकळ्या जागेत व्हायचा आहे. गाडीबरोबर आरोग्य खात्याचे साहेबही येतील. आमच्या या अनसिंगच्या बाजूला एकच कठड्याची विहीर मंजूर आहे. पायऱ्या नाहीत, वर रहाट, म्हणजे कुणाचा पाय पाण्यात जाण्याचा प्रश्नच नाही. ती टेंभीला द्यायची की दुसऱ्या गावाला, हे साहेब त्या दिवशीची गर्दी पाहून ठरवणार. लोकांना विहिरीची आस्था दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

लोकांना आस्था! मी इथला देवी टोचणारा. मी गावात शिरलो की बाया पोरांना कणगीत लपवतात. पोळ्यानंतर शाळेत मी स्वच्छतेवर व्याख्यान दिलं, तेव्हा श्रोते म्हणून कोतवाल आणि एक शेळी एवढेच होते. कोतवाल झोपला होता. अशा माणसाच्या शब्दावर कोण येणार?

आणि कोणी आलं नाही तर पंचफुलाबाईंना काय तोंड दाखवू? रंगराव माळ्याची ही बायको. नवरा-बायको मिळून वांगी-मिरचीची वाडी करतात. कॅमेऱ्यापुढे लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन नारूचा पाय दाखवायला सबंध गावात ही एकटी बाई तयार झाली, तीसुद्धा मी म्हटलं म्हणून. "पाय दाखवा, विहीर येईल," असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यावरून गाव तिला वर्षभर हसलं. या उन्हाळ्यात दुसऱ्या पायातून नारूचा दोऱ्यासारखा किडा निघाला आहे. आज वाटेत भेटल्या तर स्वतःच्या पायाचं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, येत्या सालाच्या आंधी होईन ना विहीर? माह्या पोरीचे, अंजनाचे, पाय अजून साजरे हायेत."

मी होईल म्हटलं. आता झोप कसली येते!

बुधवार, ६ एप्रिल

सुचलं! रेडिओ!

नागपूरचं केंद्र गेल्या पावसाळ्यात सुरू झालं आणि सरकारने आसपासच्या बऱ्याच गावांत बॅटरीचे संच दिले. आमचा शाळेत आहे. संध्याकाळी गावकऱ्यांचा कार्यक्रम लागला की कापसाचा भाव ऐकायला झाडून सगळे जमतात. त्यात आपल्या माहितीपटाची जाहिरात झाली तर? आज वाशीमला जाऊन पोस्टातून नागपूरला ट्रंककॉल लावला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "आम्ही जाहिराती घेत नाही." मग म्हणाले, "लोकोपयोगी निवेदन घेतो. एक मिनिट देतो. मजकूर तयार करा."

परत आल्यावर लगेच लिहायला बसलो. "प्रिय बंधुभगिनींनो, आरोग्य ही मानवाची अमूल्य संपदा होय..." असा आरंभ साधला आहे. रंगरावांना वाचून दाखवला. ते मान डोलवत होते. थोड्या वेळाने पाहिलं तर ती मान पेंगण्याने डुलत होती.

शनिवार, ९ एप्रिल

पुन्हा वाशीम, पुन्हा ट्रंक. मी मजकूर वाचला. मग ते गृहस्थ म्हणाले, "मराठी उत्तम आहे. पण ही भाषा खेड्यातला माणूस ऐकतो तेव्हा त्याला पट्टी वसूल करायला कोणी आलंय असं वाटतं. तुमच्या गावातलाच आवाज आणा."

अपमान गिळून गावात आलो. पुंजाजी पाटलांना विचारलं. ते एका पायावर तयार, पण त्यांना एका मिनिटात भजन म्हणायचं आहे. बाकी सगळे हो हो म्हणून खळ्यावर पळाले. शेवटी पंचफुलाबाईच म्हणाल्या, "माहा पाय त गेलाच पडद्यावर. आता तोंडबी जाऊ द्या."

रंगराव उसळले. "आंधी का कमी हासले लोक? पोरीची सोयरीक रिठद गावाले लागून राह्यली. ते लोक आयकतीन त का म्हनतीन?"

"का म्हनतीन? नारूच्या गावची पोरगी म्हनून आत्ताच नाकं मुरडून राह्यले ना. विहीर झाली का तेबी मिटलं."

रंगराव उठून कोनाड्यातलं ठेवणीतलं धोतर झटकू लागले. तेही येणार आहेत म्हणजे. मला वाटतं, नागपूर पाहायची हौस.

नागपूर, गुरुवार, १४ एप्रिल

मोटारीने अकोला, पुढे आगगाडी. वाटेत जमेल तेव्हा पंचफुलाबाईंकडून माझा मजकूर घोटून घेतला. पायातला नारू काडीला गुंडाळून वर चिंधी बांधली आहे. रोज जरासा ओढून काडीवर घ्यायचा. घाईने ओढला आणि आत तुटला की पाय भोपळ्याएवढा होतो. गाडीच्या हिसक्यांत रंगराव तो पाय मांडीवर धरून बसले होते. लोक बघत होते, तरी धरून बसले.

केंद्रातली खोली भिंतीपासून छतापर्यंत मढवलेली. दार लागलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. बाईंनी विचारलं, "आयकनारे कुठीसा बसतेत?" फोनवरचे ते गृहस्थ म्हणाले, "समोरच बसलेत असं समजा." झालं! बाई उठून उभ्या राहिल्या. डोक्यावरून पदर सारखा केला आणि त्या यंत्राला हात जोडले. तांबडा दिवा लागला आणि माझ्या मजकुरातला एक शब्द त्यांच्या तोंडून निघेल तर शपथ! आठवतं तसं उतरवून ठेवतो:

"राम राम बाप्पा. मी टेंभीची पंचफुला, रंगराव माळ्याच्या घरची. बुधवारी दिवेलागनीले आमच्या बारवेपाशी शिनेमा हाये. राजारानीचा नाई, नारूचा हाये. मीच हावो त्याच्यात, माहा पाय हाये. हासाचं असन त हासून घ्या, पन या. आपून जे पानी पेतो त्याच्यातूनच नारू आपल्या आंगात येते, ते दिसते त्याच्यात. लय दिसानं कोनी आपल्या गावाकडं पाह्यलं. माह्या घरचं आवतन समजा. घरातलं एकबी मानूस मांगं ठेवू नका."

दिवा विझला. मी घामाने भिजलो होतो. ते गृहस्थ मात्र चष्मा पुसत म्हणाले, "असंच पाहिजे होतं." काय पाहिजे होतं? आरंभ नाही, शेवट नाही, आणि सिनेमाला कधी कोणी आवतन देतं का? आवतन म्हणजे इकडे जेवणाचं आमंत्रण. पण वाद घालायला जीव उरला नव्हता. रंगरावांनी आणलेली वांगी त्या गृहस्थांच्या टेबलावर ठेवली आणि आम्ही निघालो.

शनिवार, १६ एप्रिल

परतलो. येताना बाईंची एकच भुणभुण. "साहेब, बलावन्याले कोन जाईन?" मी म्हटलं, "रेडिओने अख्ख्या वऱ्हाडाला बोलावलंय, आता आणखी कोण जायचं राहिलं?" त्या म्हणाल्या, "तसं नोहे, त्या दिसी..." मी म्हटलं, "त्या दिवसाची सगळी व्यवस्था सरकारकडे आहे. तुम्ही काळजी करू नका." मग त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. स्वभावच काळजीचा.

पुंजाजी पाटलांनी सांगितलेली हकिकत लिहून ठेवण्यासारखी आहे. रेडिओतून बाईंचा आवाज आला तेव्हा शाळेत ही गर्दी. आवतनाचा शब्द निघाला, तसे पाटील स्वतः उठून उभे राहिले आणि संचाकडे बघून मोठ्यांदा म्हणाले, "येतो, बाई." त्यांच्यामागून सगळ्यांनी "येतो, येतो" केलं! सांगताना पाटलांच्या चेहऱ्यावर थट्टा अजिबात नव्हती. मी दाराआड जाऊन हसून घेतलं. शेजारच्या गावांतही असंच झालं म्हणतात. एवढे लोक येणार, म्हणजे विहीर आमचीच!

फक्त शेजारीण गोमतीबाई हसायचं सोडत नाही. बारवेवर पंचफुलाबाईंना म्हणत होती, "आवतन त लय मोठं देल्लं वं. इतक्यायले जेवू कायच्यानं घालशीन?" मत्सर, दुसरं काय!

बुधवार, २० एप्रिल

कोणी आलं नाही.

गाडी दुपारीच आली. चालवणारे भाऊसिंग नावाचे दणकट गृहस्थ आहेत. त्यांनी पडदा ताणला, इंजिन फटफट सुरू झालं. साहेबांना खुर्ची, आम्हाला सतरंजी. पंचफुलाबाई अंजनाला घेऊन पुढे बसल्या. रंगरावांनी तेच धोतर नेसलं होतं. दिवेलागण झाली, अंधार पडला. गाव हाकेच्या अंतरावर. घराघरांतून उजेड दिसत होता, माणसं ओट्यावर बसलेली दिसत होती, धुतलेले फेटे सुद्धा दिसत होते. पण एक माणूस उठेल तर! जणू सगळ्या गावाने ठरवून आमची फजिती पाहायला बैठक मारली होती.

साहेब घड्याळ बघत राहिले. मी "येतील, येतील" म्हणत राहिलो. शेवटी त्यांनी भाऊसिंगांना खूण केली आणि सिनेमा लागला. पडद्यावर पंचफुलाबाईंचा पाय आला. काचेच्या भांड्यातल्या थंड पाण्यात बुडवला आणि नारूच्या तोंडातून दुधासारखं पांढरं पाणी निघून पसरत गेलं. असल्या पाण्यातूनच हा रोग पुढे जातो, हे इतकं स्वच्छ मीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. आणि पाहायला आम्ही चार टाळकी.

खेळ संपला. बाई माझ्याकडे वळल्या. "कोतवाल कुठी हाये, साहेब? तो फिरून नाई आला?" मी म्हटलं, "कोतवाल पडद्याचा दोर धरून उभा आहे, मघापासून." त्यांचा चेहरा एकदम उतरला. काडी बांधलेला पाय ओढत गावाकडे निघाल्या, जवळजवळ पळतच. या घटकेला कोतवालाची त्यांना एवढी काय पडली होती, मला कळलं नाही.

साहेब आवाज न चढवता म्हणाले, "ज्यांना नुसतं पाहायचीही इच्छा नाही, त्यांना विहीर कशाला, कुंटे?" गाडी गेली. मी तिथेच सतरंजीवर बसून राहिलो. या गावावर मी जीव ओवाळला आणि गावाने माझी ही किंमत केली. उद्या बदलीचा अर्ज करतो.

गुरुवार, २१ एप्रिल

देवा, मला जोड्याने मारावं.

सकाळी पुंजाजी पाटील आले. मी भांडायच्याच तयारीत होतो, पण तेच कडाडले. "आवतन देऊन बलावणं काहून नाई धाडलं? सारं गाव आंगरखे घालून बसलं होतं. कित्येकायच्या घरी चूल नाई पेटली. पोरं उपाशी निजली. असा अपमान आमचा कोनी नाई केला."

इथे आवतन आधी देतात आणि वेळ झाली की त्या घरचं माणूस पुन्हा दारोदार जाऊन "चला" म्हणतं. ते बलावणं. त्याच्याशिवाय उठून जाणारा हावरा ठरतो. कितीही भूक लागो, मानाचा माणूस ओट्यावरून हलत नाही. शेजारच्या गावांत तर बैलगाड्या जुंपून उभ्या होत्या म्हणे. कोणी तरी येईल आणि "चला" म्हणेल, म्हणून.

आणि मला हे ठाऊक नव्हतं असंही नाही! आमच्या वाईला पानं मांडली की पोरगं बोलवायला येतंच. तोपर्यंत माझे वडील भुकेने कासावीस झाले तरी शेजारच्या घरी पाऊल टाकत नसत. पण सिनेमाला कोण असली रीत पाळेल, असं मी धरून चाललो. बाई आवतन म्हणाल्या, गावाने ते आवतन धरलं. बाईंनी मला विचारलं, मी सरकारवर ढकललं. त्यांना वाटलं, सरकारचा कोतवाल फिरेल. कोतवाल पडदा धरून उभा, आणि मी सतरंजीवर बसून गावाला शिव्या देत होतो.

रंगरावांच्या घरी गेलो. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. "साहेब, तुमी तिले रेडिओत बोलाले लावलं. आता आवतन देऊन उपाशी ठेवनारं घर म्हनून आमाले वळखतीन लोक. रिठदच्यायचा त सकायीच निरोप आला, घाई नाई म्हनतेत." आत पंचफुलाबाईंचा पाय उशीवर होता. काल धावण्यात नारू आत तुटला. पाय सुजून तांबडा झाला आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "गाडी वापस येईन ना?"

मी आणतो म्हटलं.

शनिवार, २३ एप्रिल

गाडी शेलूबाजारला आहे असं कळलं, म्हणून काल वाशीमवरून मिळेल त्या मोटारीने गेलो. साहेबांना सगळं समजावून सांगितलं. हात जोडले. खरं लिहायचं तर पायही धरले. त्यांना वाईट वाटलं, हेही खरं. पण काल सकाळीच त्यांनी ती विहीर दुसऱ्या गावाच्या नावे वरती कळवून टाकली. "पुढच्या वेळी बघू," म्हणाले. पुढची वेळ केव्हा, ते त्यांनाही माहीत नाही. भाऊसिंगांनी मला बाजूला घेतलं. त्यांची इच्छा होती, पण सिनेमाची रिळं अमरावतीला धाडून झाली होती. दुसरी प्रत नाही.

मोटारीच्या टपावर बसून परतलो. ऊन डोक्यात जात होतं आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं. त्या बाईला आता काय सांगू?

रविवार, २४ एप्रिल

सांगितलं. विहीर गेली, सिनेमा गेला. पंचफुलाबाई रंगरावांना म्हणाल्या, "आवतन माहं होतं. बलावणं बाकी हाये."

"कायले बलावतं आता? दाखवाले का हाये आपल्यापाशी?" रंगराव चिडून म्हणाले.

"पाय हाये ना."

मला भलतीच भीती वाटली. मी म्हटलं, आता लोक शेणमार करतील. पाय इतका सुजलेला, त्यात तुम्ही ताप अंगावर घेऊन कुठे जाता? कोणी ऐकेना. रंगरावांनी बैलगाडी जुंपली, त्यांना वर बसवलं आणि बैलांच्या पुढे स्वतः चालत निघाले. दर दारापाशी थांबायचे. रंगराव डोक्याचा फेटा काढून म्हणायचे, "त्या दिसी चुकलं. चला." गाडीतून बाई हात जोडायच्या. बस, एवढंच. मी मागून मुकाट्याने चाललो होतो. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही, ते बरंच झालं.

लोक आले! पहिल्यांदा पाटील, मग एकेक करत सगळं गाव. गोमतीबाई सुद्धा आली, तोंडाला पदर लावून. बारवेजवळ गॅसबत्ती लावली. रंगरावांनी घरून घासलेली परात आणली आणि माठातलं गार पाणी त्यात ओतलं. पंचफुलाबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं. कोणी तरी फिसकन हसलं. त्यांनी पाय परातीत ठेवला.

तुटलेल्या नारूच्या जखमेतून पांढरं पाणी निघालं, धाग्यासारखं, मग पसरलं. परातीचा तळ दिसेनासा झाला. हसणारा पुढे सरकून परातीत वाकून पाहू लागला. बाई वेदनेने दात खाऊन म्हणाल्या, "पाहा. मी सकाळ-सांज बारवेत उतरतो, त हे त्याच्यात जाते. मंग तेच घागरीत येते. हेच पेता तुमी. हेच माह्या पोरीले पाजलं मी."

मला त्यात भर घालायची होती. शास्त्रीय माहिती, पाणी दुहेरी फडक्यातून गाळण्याचं महत्त्व. उठलो, तोंड उघडलं आणि नुसतं म्हणालो, "गाळून प्या. आणि ज्याच्या पायाला नारू आहे त्याने पाण्यात उतरू नये." तेवढंच बोलता आलं. रंगरावांनी ती परात नेऊन तापलेल्या चुलीच्या राखेत उपडी केली. लोक उठून गेले. कोणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पाटील सुद्धा गेले.

बाईंना ताप भरला आहे. रंगराव उशाशी बसून आहेत. मी काय मिळवलं? विहीर गेली, पाय गेल्यात जमा, आणि त्या माउलीने स्वतःच्या पोरीला काय पाजलं हे भर गावात स्वतःच्या तोंडाने सांगितलं. माझ्या जाहिरातीपायी.

सोमवार, २५ एप्रिल

पहाटे बारवेवर जाऊन बसलो. का, ते सांगता येणार नाही. बाया नेहमीप्रमाणे उतरत होत्या, पाण्यात पाय घालून घागरी बुडवत होत्या. दुसरं पाणीच नाही, तर करतील काय? मला रडू आलं.

मग पंचफुलाबाई आल्या. तापात, भिंत धरत, कडेवर रिकामी घागर. अंजनाला त्यांनी घरीच ठेवलं होतं, पोरीने बारवेत पाय घालू नये म्हणून. वरच्या पायरीशी येऊन थांबल्या. खाली उतरायचं तर आपलाच नारू पाण्यात जाणार, न उतरावं तर घरात थेंब नाही. तशाच उभ्या राहिल्या, अंगाला कापरं सुटलेलं.

खालून गोमतीबाई भरलेली घागर घेऊन वर येत होती. समोर येऊन उभी राहिली. आता काही तरी लागट बोलेल म्हणून मी उठलोच. तिने आपली घागर खाली ठेवली, पंचफुलाबाईंच्या कडेवरची रिकामी घागर काढून घेतली आणि म्हणाली, "बस अठी. पाय नको घालू." आणि पुन्हा पायऱ्या उतरली.

त्यानंतर आणखी दोघी नारूवाल्या आल्या, त्याही वरच थांबल्या. त्यांच्या घागरी कोणी तरी खाली नेल्या. गोमतीबाई वर आली, लुगड्याचा पदर दुहेरी केला, पंचफुलाबाईंच्या घागरीच्या तोंडावर ताणून धरला आणि पाणी गाळून ओतू लागली. पदर सारखा घसरत होता, अर्धं पाणी पायरीवर सांडत होतं. पंचफुलाबाई पायरीवर बसून पाहत होत्या. मी जाऊन पदराचं दुसरं टोक धरलं.